अर्ध्याचा त्याग

सर्वनाश ओढवला असता शहाण्याने अर्ध्यावर पाणी सोडावे व उरलेले राखावे, असा उपदेश आमच्या नीतिकारांनी फार पूर्वीच करून ठेवला आहे. हा उपदेश इतका उघड वाटतो की, त्यावर कोणी फारसा विचार करीत नाही. परंतु त्यातील खरी अडचण 'अर्धे' या शब्दातच आहे. धनाचे अथवा धान्याचे अर्धे मोजता येते. आयुष्याचे अर्धे कोणते, आणि ते कोणी मोजावयाचे? एका अत्यंत विरळ रोगाच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

या रोगास कॉर्डोमा म्हणतात. वर्षाकाठी दहा लाख माणसांत सुमारे एकास तो होतो. गर्भावस्थेत ज्या कोमल दांडीभोवती पाठीचा कणा घडत जातो, ती दांडी पुढे लोप पावते; परंतु तिचे काही अवशेष कण्यात व कवटीच्या तळाशी राहून जातात. अशा अवशेषापासून ही गाठ उद्भवते. जर्मन पंडित फिर्खो याने तिचे वर्णन १८५७ साली केले. ती सावकाश वाढते, नेहमीच्या कर्करोगनाशक औषधांना दाद देत नाही, आणि अर्धवट काढली तर बहुधा त्याच जागी पुन्हा उगवते.

म्हणून शस्त्रवैद्यांचा नियम असा की, शक्य तेथे गाठ न फोडता, सभोवारच्या थोड्या निरोगी भागासह अखंड काढावी. गाठ माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीत असेल, तर त्या हाडाबरोबर त्यातून जाणारे मज्जातंतूही तोडावे लागतात. स्वीडनमधील स्टेनर व गुंटरबर्ग यांनी १९७८ साली या शस्त्रक्रियेची पद्धत विशद केली. तेथील दुसऱ्या व तिसऱ्या जोडीचे तंतू दोन्ही बाजूंनी गेले, तर मलमूत्रावरील ताबा जातो व वैवाहिक सुखासही मुकावे लागते. कवटीच्या तळाशी तर मेंदूचा देठ व मोठ्या रक्तवाहिन्या गाठीला लागूनच असल्याने अखंड छेद बहुधा अशक्य असतो. नाकावाटे दुर्बीण घालून गाठ शक्य तेवढी काढतात व उरलेल्या भागावर किरणोपचार करतात. त्यास ७० ग्रे किंवा अधिक मात्रा लागते. मेंदूच्या देठास मात्र सुमारे ५४ च्या वर धोका संभवतो. प्रोटॉनचा झोत ठरावीक खोलीवर थांबविता येतो, म्हणून अशा ठिकाणी त्याचे महत्त्व. बोस्टन येथे १९७० नंतरच्या दशकात या गाठींवर तो योजिला गेला. आपल्याकडे खारघर येथील टाटा स्मारक केंद्रात ही सोय २०२३ साली सुरू झाली.

वाचकांच्या लक्षात येईल की, येथे रोगापेक्षा उपायच अधिक क्रूर दिसतो. रोगी पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत येतो. कंबर दुखते, अथवा एकाच्या दोन वस्तू दिसतात, एवढीच त्याची तक्रार. आणि पहिली शस्त्रक्रिया हीच बहुधा सर्वोत्तम संधी असल्याने, त्यागाची निकड भासत नाही अशा वेळीच त्याग करावयाचा असतो.

मग हे ठरवावे कोणी? वैद्याने, असे कोणी म्हणेल. कोणता तंतू तोडल्यास काय जाईल, हे तोच जाणतो. खरे; परंतु जे जाईल त्याची त्या माणसाच्या लेखी किंमत काय, हे त्याच्या शास्त्रात लिहिलेले नाही. गिळण्याच्या व आवाजाच्या तंतूंना धोका असेल, तर गवयाचा हिशेब एक व हिशेबनिसाचा दुसरा. लहान मुलांच्या मातेला आणखी दहा वर्षे हवी असतील. ऐंशीच्या घरातल्या वृद्धास अवशिष्ट दिवसांची शांती अधिक मोलाची वाटेल.

आमच्या मध्यमवर्गीय घरांत या प्रश्नाचे निराळेच उत्तर रूढ आहे. वडिलांना कळू द्यावयाचे नाही. थोरल्या मुलाने वैद्याशी बोलून ठरवावयाचे. या रीतीत प्रेम आहे, हे आम्ही नाकारीत नाही. जेथे करण्यासारखे काहीच उरले नाही, तेथे मौन कदाचित क्षम्यही ठरेल. परंतु येथे मोल द्यावयाचे आहे, आणि ते रोज रोग्याच्याच देहातून वसूल व्हावयाचे आहे. त्याने न कबूल केलेल्या पंगुत्वात त्याने शुद्धीवर यावे, हा त्याच्या नावे दुसऱ्याने केलेला करार होय. स्वतःच्या देहावर व मनावर ज्याचे त्याचे स्वामित्व असते, हे तत्त्व मिल्लने १८५९ साली मांडले. त्याची खरी कसोटी राज्यसभेत नव्हे, रोगशय्येपाशी लागते.

यावर असा आक्षेप येईल की, भ्यालेल्या माणसास आकडे सांगून एकटे सोडणे हीही निर्दयताच. आक्षेप योग्य आहे. परंतु स्वतः ठरविणे म्हणजे एकट्याने ठरविणे नव्हे. वैद्याने आकड्यांच्या आड न लपता आपला सल्ला स्पष्ट द्यावा. घरच्यांचे काम त्याहून कठीण आहे. मलमूत्रावरचा ताबा गमावलेल्याची शुश्रूषा वर्षानुवर्षे कोणीतरी करावयाची असते, आणि रोगी ते जाणून असतो. केवळ भार होऊ नये म्हणून तो जगण्याचा मार्ग नाकारील, किंवा मुलांचा आग्रह मोडवेना म्हणून नको असलेले दुःख पत्करील. ही दोन्ही दडपणे दूर करणे, तू काहीही ठरविलेस तरी आम्ही आहोत, असे कृतीने पटविणे, हाच कुटुंबाचा खरा अधिकार.

नीतिकारांनी ज्या शहाण्याची गोष्ट सांगितली, तो आपल्याच मालमत्तेचा धनी होता, हे विसरता कामा नये. ज्याचे जावयाचे, त्यानेच ते सोडले तर तो त्याग. दुसऱ्याने परस्पर सोडले तर, हेतू कितीही चांगला असो, तो अपहारच होय.