घरचा घास आणि त्यामागचे हात

मागील नाताळानंतरच्या रविवारी, म्हणजे पवित्र कुटुंबाच्या सणाला, आम्ही आमच्या धर्मग्रामात एक प्रवचन केले. ते आम्हांला स्वतःला फार आवडले होते. विषय होता घरच्या अन्नाचा. आमच्या बालपणी आई खापरीवर तांदळाची भाकरी कशी भाजत असे, वाडीतली राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी कशी केली जात, मुलांचा मधल्या वेळचा खाऊ म्हणजे उकडलेली रताळी आणि भाजलेले शेंगदाणे कसे असत, याचे आम्ही रसभरित वर्णन केले. मग आजच्या घरांकडे वळलो. हल्ली मुलांच्या डब्यात पुडीतला खाऊ असतो, रात्रीचे जेवण मोबाइलवरून मागवले जाते. आणि जेथे अन्न पुडीतून येते तेथे प्रेमही हळूहळू पुडीतूनच येऊ लागते, असे आम्ही म्हणालो. मिस्सा संपल्यावर चार-पाच वडीलधाऱ्यांनी हात हातात घेऊन आमचे अभिनंदन केले. ते सगळे पुरुष होते, हे आमच्या ध्यानात नंतर आले.

साक्रिस्तीत आम्ही झगा उतरवत असताना एक भगिनी आपल्या दोन मुलांसह दाराशी येऊन उभी राहिली. ती रोज पहाटे साडेपाचच्या लोकलने चर्चगेटकडे जाते आणि रात्री साडेआठच्या सुमारास घरी परतते. घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे. ती म्हणाली, "फादर, प्रवचन चांगलं होतं. एक विचारू? तुमचं जेवण कोण करतं?" गुरुनिवासात स्वयंपाकाला बाई आहे, असे आम्ही सांगितले. "मग तुम्हांला ठाऊक नसेल," ती म्हणाली, "मी सकाळी भाकऱ्या थापते ना, तेव्हा माझ्या मनात प्रेम नसतं, फादर. घड्याळ असतं." एवढे बोलून तिने मुलांचे हात धरले आणि ती निघून गेली. तिच्या आवाजात राग असता तर कदाचित आम्ही तिचे बोलणे विसरून गेलो असतो. राग नव्हता, म्हणून ते मनात रुतून बसले.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीना. जे श्रम आपण स्वतः करीत नाही, ते दुसऱ्याला सद्गुण म्हणून सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

प्रथम, आम्ही जे सांगितले ते खोटे होते काय, हे तपासून पाहणे न्यायाचे ठरेल. ते खोटे नव्हते. घरी साधे अन्न रांधणे हिताचे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत मीठ, साखर आणि चरबी जास्त असलेले, कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी करावेत, असा स्पष्ट सल्ला आहे. घरच्या पोह्यांत किती मीठ पडले हे करणाऱ्याला कळते. पुडीत किती पडले हे फार तर तिच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांना ठाऊक. खर्चाचा हिशेबही उघड आहे. मूठभर मूग रात्री भिजत घातले, सकाळी उपसून फडक्यात बांधले, की दुसऱ्या दिवशी मोड येतात आणि चार जणांची उसळ होते. तेवढ्या पैशांत बाजारात एकाचेही पोट भरत नाही. तेव्हा प्रवचनातले सत्य सत्यच होते. पण ज्याला स्वतः भार उचलायचा नाही, त्याच्या तोंडी सत्यसुद्धा जड ओझ्यासारखे होते. परूशांविषयी प्रभू येशूची तक्रार हीच होती: ते लोकांच्या खांद्यांवर अवजड ओझी ठेवतात आणि स्वतः बोटही लावीत नाहीत. हा उतारा आम्ही कितीतरी वेळा वाचला होता. तो आमच्याविषयी असेल, असे कधी वाटले नव्हते.

उपवासकाळात योगायोगाने आमची परीक्षाच झाली. आमची स्वयंपाकाची बाई मुलीच्या बाळंतपणासाठी तीन आठवड्यांच्या रजेवर गेली. डबा लावावा, असे सहायक धर्मगुरूंनी सुचवले. आम्ही म्हणालो, "नको, आपण रांधू." सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविज्ञान शिकलो, लॅटिनही थोडेफार शिकलो, पण पन्नाशी उलटेपर्यंत एक भाकरी आमच्या हातून झाली नव्हती.

पहिल्या दिवशी आम्ही गार पाण्यात तांदळाचे पीठ भिजवले. गोळा थापायला घेताच त्याला चिरा पडल्या आणि तव्यापर्यंत पोचण्याआधीच त्याचे तीन तुकडे झाले. शेजारच्या एका वृद्ध मातेने कुंपणापलीकडून सांगितले ते आम्ही दुसऱ्या दिवशी केले. गव्हाच्या कणकेसारखी ताणली जाण्याची शक्ती तांदळाच्या पिठात नसते, म्हणून पाणी उकळत ठेवून त्यात मीठ घालायचे, पीठ वैरायचे, ढवळून झाकण ठेवायचे. वाफेने पीठ फुलले की हात पाण्यात बुडवत, ते गरम असतानाच मळायचे. थापलेली भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकले की उलटायची. हात पोळले. पाऊण तासात दोन भाकऱ्या झाल्या आणि पाच मिनिटांत त्या संपल्या. मग तवा, परात, पातेले घासायचे होते. घरच्या अन्नाच्या स्तुतीत भांडी घासण्याचा उल्लेख कोठेच नसतो, हे त्या वेळी लक्षात आले.

त्याहूनही मोठी गोष्ट लक्षात आली. स्वयंपाक चुलीपाशी सुरू होत नाही, तो आदल्या रात्री डोक्यात सुरू होतो. मूग भिजवायचे राहिले तर उद्या उसळ नाही. पीठ संपत आले आहे, गिरणी सोमवारी बंद असते, कांदे दोनच उरले आहेत. "उद्या काय करायचे?" हा प्रश्न आम्ही फक्त तीन आठवडे वाहिला आणि थकलो. आमच्या धर्मग्रामातील माता तो वीस-वीस, तीस-तीस वर्षे वाहत आहेत, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात थोडीफार नोंद सापडते: बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, आणि ते करणारे पुरुष 88. जे पुरुष घरकामाला हातच लावीत नाहीत, ते या 88 मिनिटांच्या हिशेबात आलेलेसुद्धा नाहीत.

यावर कोणी म्हणेल, मग घरी रांधूच नये. विकत आणावे आणि मोकळे व्हावे. हा युक्तिवाद आम्हांला पुरता पटत नाही. विकत आणणे पाप नव्हे. पोळीभाजी विकून संसार चालवणाऱ्या कितीतरी स्त्रिया आहेत. त्यांचा घास प्रामाणिक कष्टाचा आहे आणि थकल्या दिवशी त्यांच्याकडून जेवण आणण्यात काहीही कमीपणा नाही. परंतु विकत आणल्याने श्रम नाहीसे होत नाहीत. ते नजरेआड होतात. कोठेतरी दुसरे कोणी आपल्यापेक्षा मोठ्या आचेपुढे उभे असते आणि कोणाचा तरी मुलगा भर पावसात मोटारसायकलवरून आपला रस्सा घेऊन येत असतो. घरी भाकरी थापताना निदान एवढे तरी कळते की, अन्न आपोआप होत नाही. ते कळणे हाच, आमच्या मते, घरी रांधण्याचा मोठा नैतिक लाभ आहे. ज्याचा हात एकदा पोळला आहे, तो ताटात अन्न टाकताना कचरतो आणि वाढणाऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्याकडे पाहतो. आणि म्हणूनच हा लाभ घरातल्या एकाच माणसाच्या वाट्याला जाणे योग्य नाही.

येथे मार्था आणि मरिया यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मरियेने चांगला वाटा निवडला, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. पण मार्थेची तक्रार आम्ही कधी नीट ऐकली नाही. "मला फार काम आहे" एवढेच तिचे म्हणणे नव्हते. आपल्याला एकटीला काम करायला सोडले आहे, असे तिचे म्हणणे होते. प्रभूनेही तिला स्वयंपाक टाकून दे, असे सांगितले नाही. अनेक गोष्टींची तिला लागलेली चिंता त्याने दाखवून दिली. यातून आम्ही आज दोन धडे घेतो. पहिला साधेपणाचा. पाहुणे आले की चार भाज्या आणि दोन गोड पदार्थ झालेच पाहिजेत, हा हट्ट प्रेमाचा नसून बहुधा प्रतिष्ठेचा असतो. पेज आणि सुका बोंबील, उकड आणि ताक, पोहे आणि एक केळे, हे जेवण अपुरे नव्हे. दुसरा धडा सोबतीचा. त्या घरातले सगळेच थोडा वेळ उठले असते, तर मार्थेलाही प्रभूच्या चरणांशी बसायला वेळ मिळाला असता.

ख्रिस्तसभेच्या परंपरेत हे कोणाला सुचलेच नव्हते, असे नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा पस्तिसावा अध्याय स्वयंपाकघराच्या पाळीविषयी आहे. आजारी किंवा खरोखर महत्त्वाच्या कामात गुंतलेला बंधू वगळता कोणालाही त्यातून सूट नाही. जे अशक्त आहेत त्यांना मदतनीस द्यावेत, म्हणजे ते खिन्न होणार नाहीत. आठवडा संपताना पाळीच्या बंधूंनी टॉवेल धुवावेत आणि सर्वांचे पाय धुवावेत. आणि एक बारकी सूचना अशी की, पाळीवरच्या बंधूंना जेवणाच्या तासभर आधी थोडी जास्तीची भाकर व पेय द्यावे, म्हणजे त्यांना कुरकुर न करता इतरांची सेवा करता येईल. हे वाचून आम्ही थबकलो. मठात रांधणाऱ्याने आधी चार घास खावेत, असा नियम. आणि आमच्या घरांत रांधणारी सर्वांत शेवटी, उरले असेल ते खाते, आणि तिच्या या त्यागाचे आम्ही कौतुक करतो! अव्हिलाच्या संत तेरेजा यांनी तर आपल्या मठाच्या नियमांत, झाडलोटीच्या पाळीची यादी मठाधिकारिणीपासूनच सुरू व्हावी, असे लिहून ठेवले. देव भांड्याकुंड्यांतही भेटतो, हे त्यांचे सांगणे आम्हांला तोंडपाठ असते. यादीत पहिले नाव कोणाचे, हे मात्र आम्ही विसरतो.

आणि या सर्वांहून मोठा दाखला योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात आहे. रात्रभर जाळी टाकून थकलेले शिष्य पहाटे किनाऱ्याला लागतात, तेव्हा पुनरुत्थित प्रभूने कोळशाचा विस्तव पेटवलेला असतो, त्यावर मासळी ठेवलेली असते आणि भाकर असते. मृत्यूवर विजय मिळवलेला प्रभू थकून आलेल्या माणसांसाठी न्याहारी तयार करतो आणि मग त्यांना जेवायला बोलावतो. पीठ किती, खमीर किती, दिव्यात तेल किती लागते, हे त्याच्या दाखल्यांतून सतत डोकावते. नासरेथच्या घरात तो केवळ ताटावर बसून राहिला नसावा, असे आम्हांला वाटते.

उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी आम्ही त्याच वेदीवरून आमचे प्रवचन दुरुस्त केले. घरी रांधा, हे आम्ही पुन्हा सांगितले. पण या वेळी ते पुरुषांना आणि मुलग्यांना उद्देशून सांगितले, आणि पोळलेली बोटेही दाखवली. लोक हसले. ती भगिनी तिसऱ्या बाकावर होती. ती हसली की नाही, हे आम्हांला दिसले नाही. त्यानंतर पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गातील मुलामुलींना आम्ही सभागृहात मोड आलेल्या मुगांची भेळ करायला लावली. कांदा मुलांनी चिरला, भांडीही मुलांनीच विसळली.

वाचकहो, आमची विनंती मोठी नाही. आठवड्यातले एक जेवण, साधेसेच, घरातील पुरुषाने आणि मुलांनी करावे. त्याचा विचारही त्यांनीच आदल्या रात्री करावा आणि भांडीही त्यांनीच घासावीत. रोज रांधणाऱ्या व्यक्तीला त्या दिवशी प्रथम वाढावे. भाकरीला चिरा पडतील, पडू द्याव्यात. आमची बाई परत आली तरी गुरुनिवासात शुक्रवारची पेज अजून आम्हीच करतो. मीठ कधी कमी पडते, कधी जास्त. पण पेज वाढल्यावर आम्ही बाईंना आधी बसायला सांगतो. पहिल्या शुक्रवारी त्या बसायला तयार नव्हत्या. आता बसतात.