डोंगराच्या दारात

काही वर्षांपूर्वी शाळेची सहल कळसूबाईला नेली होती. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून आम्ही पहाटे चढायला लागलो. लोखंडी शिड्यांपाशी काही मुली घाबरल्या. तेव्हा गावातल्या एका महादेव कोळी बाबांनी एकेकीचा हात धरून त्यांना वर नेले. 1646 मीटरवर, महाराष्ट्राच्या सर्वांत उंच जागी पोचल्यावर मुलांनी एकच जल्लोष केला. परतल्यावर मी निबंध लिहायला दिला. बहुतेकांनी लिहिले, 'हमने कळसूबाई की चोटी सर की.' मी शुद्धलेखन तपासले आणि गुण दिले.

नंतर तो शब्द मनात सलू लागला. 'सर करणे' उर्दूत आहे, तसेच मराठीतही. गड सर करतात, मुलूख सर करतात. कळसूबाईवर आमचा शत्रू कोण होता? त्या बाबांचा उल्लेख एकाच मुलीने केला होता, तोही 'एक बूढ़ा आदमी' एवढाच. त्यांचे नाव मुलांना ठाऊक नव्हते, कारण मीच ते विचारले नव्हते.

आपल्यासाठी जी एका दिवसाची सहल, ते त्या माणसांचे घर आहे. शिखरावरचे छोटे मंदिर त्यांच्या कळसूचे. ती कुणाच्या तरी घरी कामाला राहिलेली मुलगी होती, ठरल्याबाहेरचे काम सांगितल्यावर ती डोंगरावर निघून गेली, असे तिथले लोक सांगतात. इंग्रजांविरुद्ध उठलेले आणि 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच मुलखातले. आम्हाला मात्र उंचीचा आकडा तेवढा पाठ होता.

जगात इतरत्रही हा प्रश्न उभा राहिला आहे. ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड खडक तिथल्या अनंगू लोकांना पवित्र आहे. 1964 साली पर्यटकांना चढता यावे म्हणून त्यावर साखळी बसवली गेली. 26 ऑक्टोबर 1985 रोजी ती जमीन अनंगूंच्या नावे परत झाली, तरी चढणे थांबले नाही. 'कृपया चढू नका' अशी विनंती त्यांनी अनेक वर्षे केली. अखेर 26 ऑक्टोबर 2019 रोजी चढाईवर बंदी आली. त्याआधीच्या दिवसांत चढायला रांगा लागल्या होत्या! जमीन तुमची आहे, हे मान्य करायचे आणि तुमचे म्हणणे मात्र ऐकायचे नाही, अशा मान्यतेला काय अर्थ?

इथे माझ्या मनात एक भीतीही आहे. 'इथला मूळचा कोण?' हा प्रश्न आपल्या देशात नेहमी चांगल्या हेतूने विचारला जात नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनाही 'तुम्ही कुठले?' असे ऐकावे लागते. मग मीच त्यांना आधीचे आणि नंतरचे शिकवू काय? फार विचार केल्यावर मला वाटते, फरक आहे. 'हे तुमचे घर, मी पाहुणा' असे मी स्वतःबद्दल म्हणतो, तेव्हा तो अदब असतो. 'तू पाहुणा' असे दुसऱ्याला सुनावतो, तेव्हा ते हत्यार होते. एकात माणूस स्वतः झुकतो, दुसऱ्यात समोरच्याला झुकवतो.

आणि नुसते झुकूनही भागत नाही. आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय 2006 च्या वनहक्क कायद्याने प्रस्तावनेतच कबूल केला. पण हक्क कबुलीने मिळत नाही. तो सातबाऱ्यावर यावा लागतो, पाण्यात आणि रोजगारात दिसावा लागतो. आपण सहलीवाले कायदा राबवू शकत नाही. पण वाटाड्याची मजुरी घासाघीस न करता देता येते, कचरा परत आणता येतो, आणि 'इथे जाऊ नका' म्हटले की थांबता येते.

माझ्या वर्गाच्या दारात उशिरा आलेला मुलगा विचारतो, 'सर, अंदर आऊँ?' वर्ग माझ्या मालकीचा नाही, तरी तो विचारतो आणि आम्हा दोघांनाही त्यात कमीपणा वाटत नाही. पुढच्या सहलीत पायथ्याशी पंधरा मिनिटे थांबायचे मी ठरवले आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांना डोंगराची गोष्ट सांगायला विनंती करायची आणि मुलांनी आधी त्यांचे नाव विचारायचे. निबंधात 'सर की' आले, तर गुण कापणार नाही. समासात एवढेच लिहीन : 'किसकी इजाज़त से?'