ज्यांना मत नाही, त्यांच्यासाठी

15 जानेवारी 2026 रोजी जालना महानगरपालिकेची पहिली निवडणूक झाली. 2023 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाल्यानंतर शहराने प्रथमच आपले नगरसेवक निवडले. गुलाल धुतला गेला, ध्वनिक्षेपक शांत झाले. नवीन जालन्यातील आमच्या घरी आलेली उमेदवारांची पत्रके मात्र मी टाकून दिली नव्हती. परवा ती पुन्हा चाळली. पाणी, कचरा, नदी, झाडे हे शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रकात होते. स्वच्छ आणि हरित शहराचे अभिवचन सर्वांनीच दिले होते. मग मी निवड केली ती कशाच्या आधारे? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मला देता येईना. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

पर्यावरण हा नगरसेवकाचा विषयच नव्हे, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या 18 विषयांत पाणीपुरवठा आणि घनकचऱ्याची व्यवस्था यांच्याबरोबरच पर्यावरणाचे संरक्षणही तेथे नमूद आहे. गटाराचे पाणी शुद्ध करावे की तसेच नदीत सोडावे, हा प्रश्न दिल्लीच्या नव्हे, आपल्याच दारात उभा असतो.

घाणेवाडीच्या तलावाचेच पाहा. कुंडलिका नदीवरील हा तलाव निजामाच्या राजवटीत, 1930 च्या दशकात बांधला गेला. तेथील पाणी उताराने नवीन जालन्यापर्यंत येते. तो बांधणाऱ्यांना कोणाकडे मते मागावयाची नव्हती. ज्यांची तहान त्या पाण्याने पुढे भागली, त्यांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पुढे आपल्याला मताधिकार मिळाला. तलावात मात्र गाळ साचत गेला आणि कुंडलिकेत सांडपाणी मिसळत गेले. 2012-13 च्या दुष्काळात शहर होरपळले, तेव्हा पैठणहून जायकवाडीच्या पाण्याची वाट पाहण्याची वेळ आपल्यावर आली. घाणेवाडीचा गाळ उपसण्यासाठी अखेर नागरिकांनीच पुढाकार घेतला. राजवटीने बांधले, लोकांनी उपसले. मधल्या काळात मतदार काय करीत होता?

राजेशाही बरी होती, असा याचा अर्थ नव्हे. राजाने तलाव बांधला नसता, तर त्याला जाब विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला ती आहे. परंतु आपण जाब विचारतो तो आपल्या गल्लीपुरता, आपल्या नळापुरता. खरा नैतिक प्रश्न येथेच सुरू होतो. कुंडलिका पुढे दुधनेला जाऊन मिळते. आपण नदीत सोडलेले पाणी ज्या गावांच्या शिवारातून वाहत जाते, त्या गावांना आपल्या महानगरपालिकेत मत नाही. पाळण्यातल्या बाळाला मत नाही. उद्या जन्मणाऱ्याला नाही, झाडाला नाही, पाखरालाही नाही. मतदानयंत्रासमोर आपण एकटे उभे असतो, पण आपल्या बोटाशी या साऱ्यांचे भवितव्य बांधलेले असते. मत हा हक्क आहे आणि सर्वांच्या हितासाठी ते वापरणे हे कर्तव्यही आहे, याचे स्मरण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली करून दिले. त्या 'सर्वां'मध्ये मत नसलेलेही येतात, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आपले शहर लोखंडाच्या कारखान्यांवर जगते. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारावयाची आहे, त्यांत जालन्याचेही नाव आहे. पण ज्याच्या घरची चूल भट्टीवरच्या मजुरीने पेटते, त्याला धुराचे प्रवचन कोणी द्यावे? आपल्या धर्मग्रामातही अशी कुटुंबे असतील. भाकरी की हवा, असा प्रश्न त्यांच्यापुढे टाकणे हा अन्यायच होय. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे मानले नाहीत. धूर प्रथम शिरतो तो भट्टीजवळच्या झोपडीत. पाणी आटले की ज्याच्याजवळ पैसा आहे तो बोअर घेतो, टँकर मागवतो. हंडे घेऊन रांगेत उभी राहते ती मजुराची बायको. म्हणून धुराला आळा घालण्याचा खर्च ज्याला झेपतो त्याने सोसावा आणि मजुराची रोजी राहावी, असे जो उमेदवार मांडतो, त्याचे धोरण ऐकण्याजोगे.

यातूनच मला एक कसोटी सुचते. उमेदवार आपल्याला काय देणार, हे तर पाहावेच. पण तो आपल्याकडून काय मागतो, तेही पाहावे. जो ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करा म्हणतो, जो पाण्याचे पैसे वापराच्या प्रमाणात भरावयास सांगतो, जो नाल्याच्या काठावरील अतिक्रमणाविषयी मते जातील हे ठाऊक असूनही बोलतो, त्याच्या बोलण्यात काही तथ्य असण्याचा संभव आहे. जो काहीच मागत नाही, त्याचे हरित शहर कागदावरच हिरवे राहील.

पण अशा उमेदवाराला मी मत दिले असते काय? खरे सांगायचे तर पाणीपट्टी वाढणार म्हटल्यावर माझाही हात अडखळला असता. उमेदवार आपल्याला पुरते ओळखून असतात. त्यांची पत्रके गुळगुळीत असतात, कारण आपल्याला तशीच आवडतात. दोष केवळ त्यांच्या पदरी घालून आपण मोकळे होऊ शकत नाही.

विवेकतपासणी करताना आपण बोलण्यातल्या, वागण्यातल्या चुका आठवतो. मतदानाच्या दिवशी कोणाचा विसर पडला, हे सहसा आठवत नाही. ती पत्रके मी जपून ठेवणार आहे. निवडून आलेल्यांनी जे लिहिले होते, ते त्यांच्यापुढे ठेवून कुंडलिकेचे काय झाले असे विचारावयाचे आहे. पण त्याआधी आमच्या घरातल्या कचऱ्याच्या दोन बादल्या वेगळ्या झाल्या पाहिजेत. नाहीतर ते विचारण्याचा अधिकार मला कोठून येणार?