अनेकांतवाद आणि साठ्याचे सत्य

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने इ.स. १२०४ मध्ये बांधविली, आणि तेथून निपाणीजवळच्या स्तवनिधीपर्यंत जैन परंपरा आजही नांदती आहे. वस्तू अनंतधर्मात्मक असून कोणतेही एक विधान तिच्या एकाच बाजूस स्पर्श करते, हा जैन परंपरेचा अनेकांतवाद, बेळगावच्याच शहापूरची साडी अनेक ऑनलाइन बाजारपेठांत एकाच वेळी विक्रीस मांडणाऱ्या वेब ॲप्लिकेशनच्या रचनेलाही लागू पडतो. प्रत्येक बाजारपेठ आपल्या एपीआयद्वारे, म्हणजे एका प्रणालीने दुसरीशी व्यवहार करण्यासाठी ठरवून दिलेल्या नियमांद्वारे, त्याच साडीला वेगळा क्रमांक व वेगळा वर्ग देते, आणि विनंत्यांच्या संख्येवर मर्यादा असल्याने साठ्याची बातमी सर्वत्र एकाच क्षणी पोहोचत नाही. परिणामी एकीकडे विकलेली शेवटची साडी दुसरीकडे काही काळ शिल्लकच दिसते.

स्याद्वाद, म्हणजे विधानाला त्याची अपेक्षा (दृष्टिकोन) जोडण्याची पद्धत, येथे साडीचे अस्तित्व नाकारीत नाही, तर ते कोठे, केव्हा व कोणत्या दृष्टीने, एवढेच विचारतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्याचा स्रोत आणि वेळ नोंदविणे ही रचनाकाराची पहिली जबाबदारी ठरते. यावरून सारीच विधाने सारखी खरी, असा सैल निष्कर्ष काढला जातो (आणि तो फार वेळा काढला जातो), पण इतर नयांना, म्हणजे आंशिक दृष्टींना, नाकारणारा नय जैन तर्कात दुर्नय ठरतो. आपलाच आकडा अंतिम मानणारी बाजारपेठ त्याच दोषास पात्र आहे. विक्रेत्याची मध्यवर्ती नोंदवहीही त्यातून सुटत नाही, कारण पैसे येण्याची वाट पाहत राखून ठेवलेली साडी कपाटाच्या दृष्टीने आहे आणि नव्या ग्राहकाच्या दृष्टीने नाही.