तिकटीवर ठेवलेलं

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी घट, काळी माती आणि सात धान्यं घेऊन आत्या आणि त्यांची भाची कोल्हापुरातल्या पापाच्या तिकटीपाशी आल्या. तिथं आत्यांनी संध्याकाळच्या उताऱ्यासाठी नारळ आणि लिंबंही घेतली. नातू सारखा आजारी पडतोय. डॉक्टरांचं औषध चालूच आहे, पण एकदा उतरून तिकटीवर ठेवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

"अथेन्समध्येही असंच करायचे," इतिहास शिकवणारी भाची म्हणाली. चांद्रमासाच्या शेवटच्या काळोख्या रात्री तीन वाटा मिळतात तिथं हेकाटी देवीसाठी जेवण ठेवायचं, घर झाडून निघालेलं अशुभ बाहेर काढायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्या महिन्याची पूजा मांडायची. कोल्हापुरातही आज अमावास्या, उद्या घटस्थापना.

साम्य इतकं जवळचं, की उसनवारीचा संशय यावा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. ती आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. पण ती सातवाहनकाळातल्या व्यापाराची खूण. तिच्यावरून आपली अमावास्या ग्रीसहून आली असं म्हणायला आधार नाही. भीती आणि भूक दोन्हीकडे होती, एवढं मात्र नक्की.

"मग झालं तर! जगभर करतात," आत्या म्हणाल्या.

"करतात, पण कुणाच्या जिवावर?" भाचीनं प्लुटार्कचा दाखला दिला. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात होऊन गेलेला हा लेखक. त्याच्या कैरोनिया गावात दुष्काळाची भूक हाकलण्याचा विधी होता. घरातल्या एका गुलामाला आपल्या निर्गुडीच्या जातकुळीतल्या झुडपाच्या फोकांनी मारत दाराबाहेर काढायचं आणि भुकेनं बाहेर जावं, धन नि आरोग्य आत यावं, असं म्हणायचं. गावाच्या वतीनं हा विधी प्लुटार्कनं स्वतः केला होता.

आत्या थबकल्या. "आपण कुणाला मारत न्हाई. 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतो. त्यात कुणाचं वाईट चिंतलंय?"

हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. बळीचं राज्य एकट्याच्या घरापुरतं मागितलं जात नाही. पण भाचीनं केरसुणीची आठवण करून दिली. लक्ष्मीपूजनाला आपण तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणतो. आणि शिंदीच्या पानांची ती केरसुणी बांधणाऱ्या मातंग समाजाला पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. "तुझा उतारा तरी उद्या पहाटे कोण उचलणार? झाडूवाली बाईच ना? तुझ्या नातवाची पीडा तिनं का उचलायची?"

"ती पीडा मानत नसंल तर?"

"आणि मानत असंल तर?"

यावर भाचीनंच आत्यांच्या बाजूचा पुरावा पुढं केला, हा तिचा प्रामाणिकपणा. इसवी सनपूर्व 388 मधल्या 'प्लूटस' या नाटकात अ‍ॅरिस्टोफेनिसनं लिहिलंय, की श्रीमंतांनी हेकाटीसाठी पाठवलेलं जेवण गरीब लोक खाली ठेवायच्या आत पळवतात. म्हणजे देवीचा घास उपाशी पोटी जायचा.

"मग चांगलंच की ते."

"चांगलं? पोट भरायला दुसऱ्याचं अशुभ खायचं?"

खरा पेच इथं आहे. अन्न तेच, खाणाराही तोच. पण टाकलेलं आणि दिलेलं यांत फरक पडतो.

ग्रीकांच्या घरात याहून वेगळाही एक विधी होता, आणि भाचीचा जीव त्यातच जास्त रमतो. कोठाराचा राखणदार झ्यूस क्तेसिओस. त्याच्या नावानं एका भांड्यात शुद्ध पाणी, ऑलिव्हचं तेल आणि नाना प्रकारची धान्यं-फळं घालत, कानांना पांढरी लोकर गुंडाळत. आत्यांच्या हातातल्या घटाशी याचं नातं सांगावं लागत नाही. घटात पाणी, भोवती मातीत सात धान्यं; दसऱ्याला तेच हिरवे-पिवळे अंकुर टोपीत खोचून गडी शिलंगणाला निघतात. या समृद्धीसाठी कुणाला घराबाहेर काढावं लागत नाही.

"घट मांड, उतारा सोड," भाची म्हणाली.

"मांडीन. पण पोराच्या अंगावर हात फिरवताना जी धास्ती वाटते, ती घटात मावत न्हाई गं. तिला कुठंतरी ठेवावंच लागतं."

भाचीपाशी यावर उत्तर नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "नारळ न ओवाळता त्या बाईला नेऊन देशील?"

"देईन. पण मग तो उतारा कसला? आणि ओवाळायचंच असंल, तर काय ओवाळू, ते तू सांग."