मातीत खेळणाऱ्या मुलाला तुम्ही काय शिकवणार?

मृग लागून एक-दोन चांगल्या सरी पडून गेल्या की ओल्या मातीवर लाल मखमलीचा एक ठिपका चालताना दिसतो. मृगाचा किडा. चार वर्षांच्या मुलाला तो एकदा दाखवून बघा. मूल उकिडवे बसते, मग कोपरे टेकते, मग जवळजवळ आडवेच होते. ते बोट लावते. किडा पाय पोटाशी ओढून निपचित पडतो. मूल बोट मागे घेते आणि वाट पाहते. किडा पुन्हा चालू लागेपर्यंत ते हलत नाही. त्याला थांबायला कोणी सांगितलेले नसते.

एका जागी दोन मिनिटे बसत नाही, अशी तुमची ज्याच्याबद्दल तक्रार असते, तेच हे मूल.

लहान मुलांनी बाहेर मोकळ्यावर खेळावे हे आता सगळेच सांगतात, आणि त्यांची कारणे खरी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी ज्या सूचना दिल्या, त्यांत एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी असे म्हटले आहे. दोन खोल्यांच्या घरात तीन तास हालचाल कुठे करणार? डोळ्यांचेही तसेच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या काही मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटे जास्तीची बाहेर काढले गेले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले. ज्यांना असे बाहेर काढले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ गेले. घरात दिवे लावून मिळणारा उजेड काहीशे लक्सचा असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही तो कित्येक हजारांवर जातो. वाढत्या डोळ्याला तो लागतो.

एवढ्या कारणांवर कोणीही मुलाला बाहेर पाठवावे. पण केवळ याच कारणांसाठी पाठवले, तर बाहेर जाणे हेही एक औषध होऊन बसते. चाळीस मिनिटे झाली? झाली. चला घरी. मुलाला मात्र तिथे आणखी काही मिळत असते, आणि ते आपल्या हिशेबात बसत नाही.

घरातले सगळे त्याच्यासाठी असते

घरातल्या वस्तूंकडे एकदा मुलाच्या उंचीवरून पाहा. चमचा, खुर्ची, बाहुली, चाकाची गाडी. प्रत्येक वस्तू कोणीतरी माणसासाठी केलेली आहे, आणि बऱ्याचशा तर खास त्याच्यासाठीच विकत आणलेल्या आहेत. मोबाइल तर बोटाच्या इशाऱ्यावर चालतो. नको ते चित्र सरकवले की हवे ते येते. तीन वर्षांच्या मुलाची समजूत काय होणार? जग म्हणजे माझ्या बोटाला उत्तर देणारी वस्तू.

बाहेर त्याच्यासाठी म्हणून काहीच केलेले नसते. मुंग्यांची रांग आपल्या कामाला चाललेली असते. आडवे बोट ठेवले तर ती वळसा घालून जाते. दगड उचलत नाही तर उचलत नाही. लाजाळूचे पान मिटते खरे, पण उघडते आपल्या वेळेला, कितीही घाई केली तरी. पाऊस विचारून येत नाही. या सगळ्यात मुलाचा अपमान होत नाही, त्याला कोणी गप्प बसवत नाही, तरी जगाच्या मध्यभागी आपण नाही ही गोष्ट त्याच्या अंगात मुरत जाते. हीच गोष्ट समजून घ्यायला आपण मोठी माणसे पुढे वर्षानुवर्षे ध्यानाला बसतो, प्रवचने ऐकतो, आणि तरी रांगेत कोणी पुढे घुसला की सगळे विसरतो.

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, तू इतका निश्चिंत कसा? अवधूत आपले २४ गुरू सांगतो. एकनाथी भागवतामुळे हा प्रसंग मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला आहे. ती यादी मुलाच्या नजरेने पुन्हा वाचा: पृथ्वी, वारा, पाणी, कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हरीण, मासा, कोळी. माणसे मोजकीच, आणि त्यांत एक लहान मूल. आपण हा अध्याय भक्तिभावाने वाचतो आणि कोपऱ्यात कोळी दिसला की केरसुणी शोधतो.

चतुराच्या शेपटीला दोरा

आता अवघड भाग. निसर्गात गेले की मूल आपोआप प्रेमळ होते, असे पुष्कळ लोक समजतात. ज्यांनी मुलांना खरोखर मोकळे खेळताना पाहिले आहे ते असे म्हणणार नाहीत. मुले चतुर पकडतात आणि त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवतात. मृगाचा किडा काडेपेटीत कोंबतात. गोगलगाईवर मीठ टाकतात. मुंग्यांच्या वारुळात पाणी ओततात आणि आत काय होते ते वाकून पाहतात. यात दुष्टपणा क्वचित असतो. बहुतेक वेळा ती निव्वळ उत्सुकता असते, आणि हातात आलेल्या ताकदीची नवलाई असते. पण चतुराच्या बाजूने पाहिले तर या फरकाला काही अर्थ नाही.

अशा वेळी तुम्ही काय करता? एक तर ओरडता: सोड, पाप लागेल! किंवा मान फिरवता: लहान आहे, त्याला काय कळते. महाभारताच्या आदिपर्वात एक गोष्ट आहे, ती या दोन्ही उत्तरांना अडवते. मांडव्य ऋषी मौन धरून तप करत होते. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला आणि तेही तिथेच दडले. राजाच्या शिपायांनी विचारले तरी ऋषी बोलले नाहीत. राजाने त्यांनाही चोरांबरोबर सुळावर चढवले. ते मेले नाहीत. पुढे राजाला चूक कळली, पण सूळ शरीरातून निघेना, तेव्हा तो कापावा लागला. त्याचे टोक अंगात राहिलेले असतानाच मांडव्य धर्माकडे गेले आणि त्यांनी विचारले, हे कशाचे फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. मांडव्य संतापले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? त्यांनी धर्मालाच मनुष्यजन्माचा शाप दिला, तो विदुर झाला. आणि तिथेच मर्यादा घालून दिली: चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही.

विदुराच्या जन्माची कथा म्हणून आपण ती ऐकतो आणि ती मर्यादा विसरून जातो. मला ती या कथेतली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते. किड्याला दुखले नाही, असे कथा कुठेच म्हणत नाही. दुखले, म्हणून तर धर्माने त्याची नोंद ठेवली. फक्त ते ओझे मुलावर टाकायचे नाही, असे ठरले. मग ते कोणावर? माझ्या मते, जवळ उभ्या असलेल्या मोठ्या माणसावर. चौदा वर्षांची ही सवलत मुलाला आहे, तुम्हाला नाही.

म्हणून दोरा बांधलेला चतुर दिसला तर जाऊन शेजारी बसा. पाप हा शब्द काढू नका, त्या वयात तो फक्त भीती होऊन राहतो. दोरा जरा ढिला धरायला सांगा. चतुर कोणत्या बाजूला ओढतो आहे ते दोघे मिळून पाहा. 'कुठे जायचे असेल त्याला?' एवढे विचारले तरी पुरते. पुष्कळदा मूल स्वतःच म्हणते, सोडूया. गाठ त्याच्या हातून सुटत नाही, तिथे मदत करा. कधीकधी ते ऐकत नाही आणि आपल्याला दोरा घ्यावा लागतो, तोही न रागावता घेता येतो.

चार भिंतींत वाढलेले मूल चतुराला दोरा बांधणार नाही हे खरे. पण त्याने कधी गाठ सोडलेलीही नसते. ज्याला दुखावण्याची संधीच मिळाली नाही, त्याला अहिंसक कसे म्हणायचे? दुबळ्या जिवावर आपली सत्ता चालते आणि ती आपण आवरू शकतो, हे मुंगी-गोगलगाईपाशी शिकले नाही, तर ते पुढे शाळेतल्या धाकट्या मुलावर, घरातल्या कामवाल्या ताईंवर शिकायची वेळ येते.

तुमची भीती

ती खोटी नाही. साप असतात, कुत्री असतात, उघडी डबकी असतात. भीतीवर प्रवचन देऊन उपयोग नसतो, माहिती घ्यावी लागते. आपल्याकडे माणसांना चावणारे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. हे चारही मुलांना चित्रांत ओळखता यायला हवेत. उंच गवतात बूट, बिळात किंवा दगडाखाली हात नाही, तिन्हीसांजेनंतर विजेरी. आणि चावलाच तर दोरी आवळणे नाही, चिरा देणे नाही. तो हात किंवा पाय हलू न देता थेट प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात. पाण्याजवळ लहान मूल हाताच्या अंतराबाहेर जाऊ द्यायचे नाही, इथे सवलत नको. कृष्णाने माती खाल्ली आणि यशोदेला त्याच्या मुखात विश्व दिसले. आपल्याला पुढे जंत दिसतील, तेव्हा बाहेरून आल्यावर साबणाने हात धुणे आणि १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंतांची गोळी, दोन्ही चुकवू नका.

उरलेल्या गोष्टींना मात्र जागा द्या. खरचटलेला गुडघा, काट्याचे टोचणे, चिखलाचे कपडे. झाडावर मुलाला उचलून बसवू नका. जेवढे ते स्वतः चढेल तेवढेच त्याला उतरता येते. 'सांभाळ, सांभाळ' असे पन्नास वेळा ओरडल्याने त्याचे लक्ष फांदीवरून तुमच्यावर जाते. त्यापेक्षा 'डावा पाय कुठे ठेवतोयस?' असे विचारा.

अंगण नाही, ही अडचण आज बहुतेकांची आहे. पण जंगल लागत नाही. इमारतीच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ, कुंपणाची मेंदी, रस्त्याकडेचे एकच उंबराचे झाड चालते. मात्र रोज तेच. नवनव्या बागा दाखवण्यापेक्षा एका झाडाचे वर्ष पाहिलेले बरे.

आणि नुसते बाहेर असणे पुरत नाही, हेही खरे. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती. ती मुले दिवसभर उघड्यावरच असत, पण कामाला जुंपलेली. ती शाळेत येऊ शकत नव्हती म्हणून शाळा कुरणात गेली. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या, माँटेसरी पद्धत त्यांना पक्की ठाऊक होती. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर पाने, बिया, शिंपले, खडे हीच त्यांची साधने झाली. त्या मुलांकडे कुरण होते, शेजारी बसणारे कोणी नव्हते. आपल्या मुलांकडे बहुधा दोन्ही नसते.

तुम्ही बसा

फोन घरी ठेवून बसा. मुलाला फुलापानांची नावे पाठ करायला लावू नका, 'हे काय? ते काय?' अशी परीक्षा घेऊ नका. नाव विचारले आणि येत नसेल तर येत नाही म्हणा. खिडकीच्या कडेला कुंभारमाशीने बांधलेले मातीचे घर एखादे दिवशी पडून फुटेल आणि आत निपचित पडलेले कोळी किंवा अळ्या सापडतील. त्या मेलेल्या नसतात, माशीने डंख मारून त्यांना बधिर केलेले असते, तिच्या पिल्लाला खायला. मुलगी विचारेल, माशी वाईट आहे का? या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका. मोठमोठ्या माणसांनाही तो पडलेला आहे.

तसेच मेलेल्या चिमणीचे. ती लगेच लपवू नका, देवाघरी गेली म्हणून विषय मिटवू नका. हात न लावता पानावर घेऊन खड्डा खणू द्या, वर फुले ठेवायची असतील तर ठेवू द्या. दोन दिवसांनी ते मूल काठी घेऊन ती जागा पुन्हा उकरून पाहील, आणि मुंग्या लागलेल्या दिसल्या की तुम्हाला बोलावील. जा.