एकादशीचा राग कोणाचा?

कारंजा तालुक्यातील धनज या गावी एकादशीस कीर्तनासाठी आमचे जाणे झाले. तेथे एक प्रश्न निघाला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पंढरीची वारी कधी न चुकविलेले एक वृद्ध वारकरी त्या दिवशी निर्जळी होते. तिसरे प्रहरी क्षुल्लक कारणावरून त्यांनी धाकट्या सुनेस चारचौघांत टाकून बोलले. औषधशास्त्र शिकणारा नातू समजुतीने म्हणाला, "आबाजी, तुमचा दोष नाही. हे मेंदूतल्या रसांचं काम आहे."

नातवाचे म्हणणे निराधार नव्हे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. भूक, तहान, निद्रा यांचा कारभार तो पाहतो आणि खालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीमार्फत अंगातील इतर ग्रंथींना हुकूम सोडतो. पोट रिते झाले की जठरातून घ्रेलिन नावाचे द्रव्य त्याला वर्दी देते. ते १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. रक्तातील साखर फार उतरली की मेंदूच्या इशाऱ्याने ॲड्रेनलिन सुटते. छाती धडधडते, हात कापतात, माणूस चिडतो. आपल्या विदर्भातही हा अभ्यास झाला आहे. निशिकांत सुभेदार यांनी नागपूर विद्यापीठात व पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत मासे आणि उंदीर यांच्या मेंदूतील अशा द्रव्यांवर काम केले. त्यांपैकी कार्ट नावाचे द्रव्य भूक मंदावते. उलट १९८२ साली सापडलेले न्यूरोपेप्टाइड वाय मेंदूत टोचले, तर पोट भरलेला उंदीरही पुन्हा खायला धावतो. (एकादशी नि दुप्पट खाशी असे ज्यांना हिणवतात, त्यांना हे वाचून थोडा धीर येईल!)

असे असेल तर काम-क्रोधाशी झगडण्याचा उपदेश संतांनी केला तो कोणाला? रसांना का?

आम्ही उत्तर जुळवीत बसलो होतो. तेवढ्यात म्हातारबाच बोलले, "मंग त्याच येळी बँकेचा साहेब दारी आला, त्याले म्या हात जोडून रामकृष्णहरी केलं. तवा तो रस कोठी गेलता?"

नातू निरुत्तर झाला आणि खरे सांगायचे तर आम्हीही. रस उसळला हे खोटे नाही. पण साहेबाला वगळून सुनेला गाठणे रसाला कळत नाही. ती निवड माणसाची. आणि सूनही त्या दिवशी उपाशीच होती, पहाटेपासून चुलीपुढे होती. तिच्याही अंगात तेच रस वाहत होते. तिच्या मेंदूची चौकशी नातवाने केली नव्हती, आम्हीही नाही.

वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वय पाहत नाहीत. ही रीत देवळाच्या उंबऱ्याआत चालते, घराच्या उंबऱ्याआत फारशी दिसत नाही. सायंकाळी हरिपाठ झाल्यावर म्हातारबा उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सुनेच्या पायांवर डोके ठेवू लागले. ती बिचारी गडबडून मागे सरली, हातातले पातेले तसेच. मग त्यांनी तिच्याकडूनच तांब्याभर पाणी मागून घेतले, आणि पुढल्या एकादशीपासून निर्जळी करायची नाही असे नातवाला सांगितले.